बंगालची मेंढी, व्हाया सिडनी

आमच्या टीममधल्या एका मित्राला कॅनरी पाळायचं वेड आहे. नाशिकरोडला फ्लॅटच्या बाल्कनीत त्याने आठ-दहा पिंजरे लावलेत. (आपल्या रानातले पोपट-मुनिया पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. कॅनरी मूळचा अटलांटिकमधल्या बेटांवरचा, त्यामुळे तो चालतो.) परवा चहाच्या वेळी त्याने विचारलं, डोक्यावर तुरा असलेला नर आणि तुरा असलेली मादी अशी जोडी लावली की अंडी नेहमीइतकीच, पण पिल्लं कमी का निघतात?

उत्तर सोपं आहे आणि दीडशे वर्षं जुनं आहे. प्रत्येक पिल्लाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. तुऱ्याचं जनुक 'प्रभावी' आहे, म्हणजे एक प्रत असली तरी तुरा येतो. तुरेवाल्या पक्ष्यात सहसा एक प्रत तुऱ्याची आणि एक साधी असते. अशा दोघांची जोडी लावली तर चार शक्यता: तुरा-तुरा, तुरा-साधी, साधी-तुरा, साधी-साधी. कागदावर दोन बाय दोनची चौकट काढा, लगेच दिसेल. गोची अशी की दोन्ही प्रती तुऱ्याच्या आल्या तर ते पिल्लू अंड्यातच मरतं. म्हणजे सरासरी चारातलं एक अंडं फुकट. म्हणून जुने पाळणारे तुरेवाल्याला नेहमी बिनतुऱ्याचा जोडीदार देतात. निम्मी पिल्लं तुरेवाली, निम्मी साधी, आणि मरत कोणीच नाही. मेंडेलचा निबंध १८६६ साली छापून आला आणि १९०० पर्यंत कोणी ढुंकून पाहिला नाही, पण युरोपातले पक्षी पाळणारे हे त्याच्याशिवायही अनुभवाने करत होते.

मित्राचं समाधान झालं. माझं डोकं मात्र याच चौकटीवरून भलतीकडेच गेलं, फलटणला. कारण हीच दोन बाय दोनची चौकट घेऊन आपल्या महाराष्ट्रात मेंढ्यांवर एक काम झालंय, आणि त्याची गोष्ट सुंदरबनात सुरू होऊन, सिडनीला वळसा घालून सातारा जिल्ह्यात येते. आज ती सांगतो.

आधी आपली मेंढी बघू. पावसाळा संपल्यावर नाशिक-पुणे रस्त्याने गेलात तर सिन्नरच्या पुढे कुठेतरी गाडी थांबवावीच लागते. काळ्या मेंढ्यांचा कळप, बाजूला घोडं, त्यावर लादलेला संसार आणि कोंबड्या. ही दख्खनी मेंढी. तिचे लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे प्रकार मानतात; आपल्या भागाला लागून आहे तो संगमनेरी. काटक जात. उन्हात वीस-वीस किलोमीटर चालेल, वाळलेल्या काडीवर जगेल, रात्री वाघरीत (म्हणजे जाळीच्या कुंपणात) गप बसेल. लोकर जाडीभरडी, तिची घोंगडी होते. पण घोंगडीला आता गिऱ्हाईक राहिलं नाही, कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही. शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतो त्याचे काही पैसे किंवा धान्य मिळतं. बाकी धनगराची खरी कमाई एकच: कोकरू विकणं. आणि दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. जुळी क्वचितच.

म्हणजे धनगराचं अख्खं आर्थिक गणित 'एका मेंढीमागे एक कोकरू' या आकड्यावर उभं आहे. त्यातलं एखादं लांडगा नेतो, एखादं रोगाने जातं, एखादं ट्रकखाली येतं. शंभर मेंढ्यांमागे हातात किती राहतं याचा अंदाज तुम्हीच करा.

सरकारने यावर काही केलं नाही असं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मेरिनो, रॅम्बुलेसारखे परदेशी मेंढे आणून दख्खनीशी संकर करायचे कार्यक्रम झाले. हेतू काय, तर लोकर मऊ व्हावी. आता ज्या मालाला बाजारच आटत चाललाय त्याची क्वालिटी सुधारणं हे आपल्या धंद्यात आपण रोज बघतो, त्यामुळे जास्त बोलत नाही. शिवाय अर्धा मेरिनो म्हणजे अर्धा थंड हवेचा, भरपूर चाऱ्याचा प्राणी. त्याला दख्खनच्या उन्हात मैलोगणती चालवणार कसं? धनगरांनी त्यात फारसा रस घेतला नाही, आणि 'लोक मागासलेले आहेत' असा शेरा त्यांच्यावर बसला. माझ्या मते धनगरांचं बरोबर होतं.

आता फलटण. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. सगळे 'नारी' म्हणतात. त्यांच्या पत्नी लेखिका जाई निंबकर या इरावती कर्व्यांच्या कन्या, आणि संस्थेचा पशुसंवर्धन विभाग ज्यांनी उभा केला त्या डॉ. चंदा निंबकर म्हणजे इरावतीबाईंची नात. हे नातं सांगण्यामागे गॉसिप नाहीये, कारण आहे. ते पुढे येईल.

नारीचा प्रश्न साधा होता: दख्खनी मेंढी सगळ्या गुणांसकट तशीच ठेवून फक्त एका कोकराच्या जागी दीड मिळवता येतील का? हो, दीड. तीन-चार नको. मेंढीला सड दोन असतात, दूध बेताचं असतं, आणि ती रोज चालत असते. सगळ्यांनाच जुळी झाली तरी धनगर अडचणीत येईल.

याचं उत्तर सुंदरबनात होतं. तिथे गारोळ नावाची मेंढी आहे. एवढीशी, मोठी मादीसुद्धा बारा-चौदा किलोची, म्हणजे दख्खनीच्या निम्मी. खाऱ्या दलदलीत, गुडघाभर पाण्यात उभी राहून गवत खाते. घरटी दोन-चार असतात. आणि ती सर्रास जुळी देते, कधी तिळी. नारीच्या लोकांनी १९९० च्या दशकात तिथून गारोळ फलटणला आणल्या. समुद्रकाठच्या पाणथळ जमिनीतून थेट माणदेशाच्या उंबरठ्यावर. जगल्या, हेच विशेष.

इथे गोष्ट दोनशे वर्षं मागे जाते.

सिडनीची वसाहत १७८८ ची. खायचे वांधे होते. जवळचं मोठं बंदर म्हणजे कंपनी सरकारचं कलकत्ता. तिथून १७९२ आणि १७९३ साली जहाजातून बंगालच्या मेंढ्या सिडनीला गेल्या. पुढे ऑस्ट्रेलियात मेरिनोचं राज्य आलं आणि या बुटक्या मेंढ्या त्यात विरघळून गेल्या. कोणाला आठवणही राहिली नाही. मग विसाव्या शतकात न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ 'बुरूला' नावाच्या फार्मवर सीअर्स बंधूंच्या लक्षात आलं की आपल्या कळपातल्या काही मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी फार देतात. त्यांनी त्या वेगळ्या काढून जपल्या. १९५८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने, सीएसआयआरओने, त्यांच्याकडून काही मेंढ्या घेतल्या.

या कामात हेलन न्यूटन टर्नर ही जबरदस्त बाई होती. तिने जुनी कागदपत्रं चाळून १९८२ साली मांडलं की बुरूलाचं मूळ त्या बंगाली मेंढ्यांत असावं. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी आकडे मांडून दाखवलं की हा गुण शंभर जनुकांच्या थोड्या थोड्या परिणामाचा नाही, एकाच जनुकाचा आहे. हे फार मोठं होतं. उंची, वजन, दूध असल्या गुणांमागे ढीगभर जनुकं असतात, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या हळूहळू निवड करावी लागते. पण एकच जनुक असेल तर? मग ती आपली कॅनरीच्या तुऱ्याची चौकट. त्या जनुकाला नाव पडलं 'फेक-बी'. बी म्हणजे बुरूला. बंगालचा माल, नाव ऑस्ट्रेलियन फार्मचं. असो.

२००१ साली तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी ते जनुक पकडलं. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, ते अंडाशयातल्या पेशींवरचा एक रिसेप्टर बनवतं. रिसेप्टर म्हणजे बाहेरचा निरोप आत घेणारा अँटेना समजा. त्या जनुकात एका जागी 'ए' च्या ऐवजी 'जी' हे अक्षर पडलंय. अब्जावधी अक्षरांच्या कोडमध्ये एक कॅरॅक्टर. त्यामुळे प्रथिनातलं २४९ वं अमिनो आम्ल बदलतं, अँटेना जरा कमी पकडतो, बीजकोश लहान असतानाच पिकतात, आणि एका माजाला एकाऐवजी दोन-तीन अंडी सुटतात. एक प्रत असेल तर साधारण दीड अंडं जास्त, दोन प्रती असतील तर तीन. मग २००२ साली आठ देशांतल्या जास्त पिल्लं देणाऱ्या मेंढ्यांचे डीएनए तपासले, तर गारोळमध्ये अगदी हाच, ह्याच जागचा बदल सापडला. टर्नरबाईंचा कागदपत्रांवरचा तर्क रक्ताच्या थेंबात खरा ठरला.

आता फलटणचं काम समजून घेऊ, कारण खरी मजा तिथे आहे.

गारोळचं एक अक्षर हवंय, बाकी गारोळ नकोय. बारा किलोच्या मेंढीला बाजारात कोण विचारणार? आपल्या भाषेत सांगायचं तर अख्खी ब्रँच मर्ज करायची नाहीये, एकच कमिट चेरी-पिक करायचाय. पण प्राण्यांत चेरी-पिकची कमांड नसते. तिथे बॅकक्रॉस असतो. गारोळ मेंढा आणि दख्खनी मेंढी, त्यांचं कोकरू अर्धं गारोळ. त्याचा परत दख्खनीशी संकर, पाव गारोळ. परत, साडेबारा टक्के. परत, सव्वासहा. दर पिढीला गारोळ निम्मी होते, आणि ते अक्षर मात्र दर वेळी निवडून पुढे न्यायचं. संकराच्या प्रत्येक पिढीत निम्म्याच कोकरांत ते असतं, कारण बापाकडे एकच प्रत. उरलेली निम्मी प्रजननातून बाद. प्रत्यक्षात नारीने बन्नूर (मंड्या) आणि अवासी या जातींचं रक्तही यात वापरलं, म्हणजे गणित माझ्या आकड्यांपेक्षा गुंतागुंतीचं होतं.

आणि निवडायचं कसं, इथे खरी अडचण होती. मित्राच्या कॅनरीला तुरा आहे की नाही हे लांबून दिसतं. जुळ्यांचं जनुक मेंढ्याच्या अंगात असलं तरी दिसत नाही, कारण मेंढा विणारच नाही ना! इथे दोन गोष्टींचा घोळ करू नका. लिंगाशी जोडलेलं जनुक वेगळं: ते लिंग-गुणसूत्रावरच बसलेलं असतं. कॅनरीचा दालचिनी रंग तसा आहे, केंब्रिजमध्ये फ्लॉरेन्स डरहॅम यांनी १९०८ साली त्यावर लिहिलंय. फेक-बी तसं नाही. ते नरमादी दोघांतही असतं, दोघंही ते सारखंच पुढे देतात, फक्त त्याचा परिणाम मादीतच दिसतो. त्यामुळे एखाद्या मेंढ्यात ते आहे का हे कळायला आधी तो मोठा व्हायला हवा, त्याला मुली व्हायला हव्यात, त्या मुली व्यायला हव्यात. तीन-चार वर्षं. किंवा मुलींच्या पोटात दुर्बीण घालून अंडाशयावरचे डाग मोजायचे.

२००१ नंतर हे एकदम बदललं. रक्ताचा थेंब घ्या, जनुकाचा १९० अक्षरांचा तुकडा वाढवा, त्यावर एक एन्झाइम टाका. ते एन्झाइम फक्त बदललेलं अक्षर असलेला तुकडा कापतं: १६० आणि ३०. जेलवर पट्टी एकाच जागी दिसली तर एक प्रकारच्या दोन प्रती, दोन जागी दिसली तर एक-एक. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या चाचणीत साथ दिली, ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं होती, तिथल्या सरकारी कृषी-संशोधन निधीचा पैसा होता. कोकरू दूध पीत असतानाच त्याचा निकाल हातात. चार वर्षांचं काम काही दिवसांत.

यातून तयार झालेल्या मेंढीला 'नारी सुवर्णा' म्हणतात. दोन प्रती असलेला मेंढा धनगराच्या कळपात सोडला की त्याच्या प्रत्येक मुलीत एक प्रत येतेच, चौकट काढायचीही गरज नाही. आणि एक प्रत असलेली मेंढी वेताला सरासरी साधारण दीड कोकरू देते. म्हणजे निम्म्या वेतांना एक, निम्म्यांना जुळी, तिळी थोडी. जे हवं होतं तेच.

नशीबही होतं यात. न्यूझीलंडमध्ये 'इन्व्हरडेल' नावाचं असंच एक जनुक सापडलं होतं. एक प्रत असली की जास्त कोकरं, दोन असल्या की मेंढी वांझ! कॅनरीच्या तुऱ्याचाच भाऊ. ते जर गारोळमध्ये असतं तर धनगराला जोड्या लावताना वही ठेवावी लागली असती. फेक-बीच्या दोन प्रतींनी मेंढीचं काही बिघडत नाही, फक्त तिळ्यांची शक्यता वाढते.

पण मग सगळ्या महाराष्ट्रात जुळ्यांचा पूर का आला नाही? प्रभावी जनुक आहे, आपोआप पसरायला हवं, असं वाटतं ना? हा जुना गैरसमज. १९०८ च्या सुमारास पनेटला (चौकटीला ज्याचं नाव आहे तोच) कोणीतरी हेच विचारलं, त्याला उत्तर देता येईना, म्हणून त्याने आपल्या क्रिकेटमधल्या दोस्ताला विचारलं. तो दोस्त म्हणजे जी. एच. हार्डी, रामानुजनवाला. हार्डीने शाळकरी बीजगणिताच्या चार ओळींत दाखवलं की निवड नसेल तर जनुकाचं प्रमाण पिढ्यान् पिढ्या तेवढंच राहतं, मग ते प्रभावी असो वा नसो. 'प्रभावी' हा शब्द त्या एका अंगापुरता आहे, पसरण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आणि धनगराच्या वाड्यावर तर निवड असते, पण उलटी. विचार करा. पुढच्या पिढीसाठी मेंढा राखायचा तर धनगर कुठलं कोकरू राखतो? सगळ्यात थोराड, सगळ्यात उंच. हे शहाणपण शेकडो वर्षांचं आहे. पण एकटं जन्मलेलं कोकरू जुळ्यांपेक्षा थोराड असतंच, आईचं सगळं दूध त्यालाच. म्हणजे थोराड कोकरू राखताना न कळत एकुलतं राखलं जातं आणि जुळ्यांचं जनुक कळपाबाहेर कसायाकडे जातं. हा माझा तर्क, पण आकडेमोड करून पाहिली तर बसतो. म्हणून नुसता मेंढा विकून काम संपत नाही. कोणता नर राखायचा हे दर पिढीला परत ठरवावं लागतं, आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक. जनुक मेंढीत असतं, दूध चाऱ्यात असतं. कॅनरीवाल्यांनी हा धडा फार महागात घेतला. जर्मनीत ब्रेमेनच्या हान्स डंकर नावाच्या शाळामास्तरने १९२० च्या दशकात लाल कॅनरी बनवायचा चंग बांधला. दक्षिण अमेरिकेतल्या लाल सिस्किनचा पिवळ्या कॅनरीशी संकर, मग बॅकक्रॉस वर बॅकक्रॉस. नेमकी फलटणची रीत. वर्षानुवर्षं करून हाती आला नारिंगी पक्षी. त्याचा विश्वास होता की सगळं जनुकातच असतं. पुढे इतरांच्या लक्षात आलं की लाल रंगाचा कच्चा माल खाण्यातून यावा लागतो. २०१६ साली ते जनुकही सापडलं, पिवळ्या रंगद्रव्याचं लाल करणारं एन्झाइम त्यातून बनतं. पण पोटात पिवळं गेलंच नाही तर ते करणार काय? जुळी देणाऱ्या मेंढीलाही शेवटच्या दीड महिन्यात मूठभर जास्त खुराक लागतो, अशक्त कोकराला बाटली लागते. वाड्यावर हे काम बाईवर पडतं. तिच्या दिवसात ते बसतं का, हा प्रश्न कुठल्याही जेलवर दिसत नाही.

डंकर पुढे माणसांच्या वंशशुद्धीच्या नादी लागला, नाझी झाला. आणि १९३० च्या सुमारास त्याच जर्मनीत, बर्लिनला, इरावती कर्वे ऑयगेन फिशर या वंशवाद्याच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. त्यांनी वेगवेगळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या, आणि मोजमापांतून वंशाची श्रेष्ठता काही निघत नाही असं लिहून, गुरूच्या मताविरुद्ध जाऊन त्या परत आल्या. त्यांच्या नातीने मेंढ्या मोजल्या, आणि तेही 'उत्तम जात' शोधायला नव्हे, दख्खनीत एक अक्षर बदलून बाकी सगळी दख्खनी ठेवायला.

कधी फलटणला गेलात तर गारोळ बघून या. दख्खनीच्या शेजारी उभी राहिली की कोकरूच वाटते.